हात माझेच, पण माझे वाटत नाहीत : एका न बोलल्या जाणाऱ्या त्रासाविषयी

सेनगाव तालुक्यातल्या गावांत तरुणांशी मानसिक आरोग्यावर बोलताना आम्हाला अधूनमधून एक वेगळीच तक्रार ऐकायला मिळते. सांगताना मुलं अडखळतात. हात माझेच आहेत पण माझे वाटत नाहीत, आई बोलते ते काचेपलीकडून आल्यासारखं वाटतं, गाव तेच आहे पण नाटकातल्या पडद्यासारखं दिसतं. घरच्यांना यातलं काही कळत नाही, कारण मुलगा जेवतो, कॉलेजला जातो, सोयाबीन काढायलाही येतो. मग कुणी म्हणतं नाटकं करतो, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं. भानामतीची भीती मराठवाड्यातून अजून पुरती गेलेली नाही. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा वेळी एखादा नातेवाईक देवऋषाचं नाव सुचवतोच.

या त्रासाला वैद्यकीय नाव आहे. स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं म्हणजे डिपर्सनलायझेशन आणि भोवतालचं जग खोटं वाटणं म्हणजे डिरिअलायझेशन. पहिला शब्द 1898 साली लुडोविक दुगा या फ्रेंच अभ्यासकाने रूढ केला; तो त्याला आमिएल या स्विस लेखकाच्या डायरीत सापडला होता. क्षणभर असं वाटणं फार सर्वसाधारण आहे. अपघात, जागरण, ताप किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यानंतर अनेकांना ते जाणवतं आणि निघून जातं. ते महिनोन्‌महिने टिकून रोजचं जगणं अडवू लागलं तर आजार मानला जातो. हा आजार साधारण शंभरात एक-दोन जणांना होतो. सुरुवात बहुधा सोळाव्या वर्षाच्या आसपास होते, म्हणजे दहावी-बारावीच्या ऐन धामधुमीत.

हे वेड नाही. या माणसाला 'जणू' हा शब्द सुटलेला नसतो. जग जणू खोटं वाटतं, असं तो म्हणतो. ते खोटं आहेच, असं तो मानत नाही. भीती असह्य झाली की मेंदू भावनांचा आवाज कमी करतो, अशी याची समजूत तज्ज्ञ देतात. संकटात हे उपयोगाचं असतं, पण संकट टळल्यावरही आवाज कमीच राहिला तर त्रास सुरू होतो. मागे सततची चिंता असते, लहानपणीची मारहाण किंवा घालूनपाडून बोलणं असतं, काहींच्या बाबतीत गांजा असतो. वाड्यावस्त्यांवरून जातीच्या अपमानाला सामोरी गेलेली मुलं आमच्यासमोर येतात, तेव्हा स्वतःला बधिर करून घेणं त्यांनी कुठे शिकलं हे वेगळं विचारावं लागत नाही.

आता आपल्या समाजापुरता एक नाजूक मुद्दा. ध्यानानेही असा अनुभव येऊ शकतो. रिचर्ड कॅस्टिलो या अभ्यासकाने 1990 मध्ये ध्यान आणि डिपर्सनलायझेशन यांवरच लेख लिहिला. अनुभव सारखाच असला तरी त्याला आपण कोणता अर्थ देतो, यावर त्याची भीती बसते की नाही हे ठरतं, असं त्याचं म्हणणं. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात रोज सुमारे दहा तास बसायचं असतं, तेही मौनात. प्रवेश अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात ती म्हणूनच. ती लपवू नये. 'हा तर अनात्माचा अनुभव आला' असं सांगून घाबरलेल्या मुलाला आणखी बसवणारे उपासक आम्ही पाहिले आहेत. आमच्या मते हे चूक आहे. अनात्म समजल्याने माणूस मोकळा होतो, करुणेने भरतो. इथे मूल भेदरलेलं आणि कोरडं पडलेलं असतं.

संयुत्तनिकायात वैशालीचा प्रसंग आहे. अशुभ भावनेचा अतिरेक होऊन भिक्खूंना स्वतःच्या देहाची घृणा आली आणि अनेकांनी जीव दिला. हे कळल्यावर बुद्धांनी भिक्खूंना एकत्र करून आनापानसती शिकवली. साधना झेपत नसेल तर ती बदलायची असते, याला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा?

सावरण्यासाठी खास मान्यताप्राप्त औषध नाही, पण मागची चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावर औषधं आणि समुपदेशन आहे. समुपदेशनात मुख्यतः एक चक्र तोडतात. 'अजून तसंच वाटतंय का?' हे माणूस दिवसातून शंभरदा तपासतो, तपासल्याने घाबरतो आणि घाबरल्याने पुन्हा तुटल्यासारखं वाटतं. आरशात चेहरा निरखणं, रात्रभर मोबाईलवर लक्षणं शोधणं थांबवावं लागतं. त्या वेळात हाताला काम द्यावं : थंड पाण्याने तोंड धुणं, अनवाणी रानात चालणं, भाकरी थापणं, कुणाशी तरी बोलणं. झोप पुरी हवी, गांजा पूर्ण बंद हवा. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे जातात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं परत येतं. त्याने आधीची कमाई वाया जात नाही.

चाळिशीनंतर हे पहिल्यांदाच सुरू झालं, फिट आली, शुद्ध हरपली, आवाज ऐकू येऊ लागले किंवा जीव द्यावासा वाटला तर वाट पाहू नये. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करावी. सेनगावहून एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आधी 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक लावावा. ऑक्टोबर 2022 पासून तो चोवीस तास सुरू आहे, मराठीत बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल तर आई-वडिलांनी लावला तरी चालतो.