दिवा लागला म्हणजे वायरिंग बरोबर?

घरातील विजेच्या कामाविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून फुटतात: बटण दाबल्यावर दिवा लागला, पंखा फिरला, की काम नीट झाले. प्रत्यक्षात दिवा लागण्यासाठी फेज, म्हणजे ज्या तारेला दाब असतो ती, आणि न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण करणारी, एवढ्या दोन तारा कशाही जोडल्या तरी पुरतात. अर्थिंगची तिसरी तार तुटलेली असो, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असो किंवा भिंतीतला सांधा सैल असो, उजेडात काडीचाही फरक पडत नाही. वायरिंगची खरी परीक्षा बिघाडाच्या दिवशी होते, आणि त्या दिवशी वीज कोणत्या वाटेने जाईल व किती वेळात तुटेल, हे काम करणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असावे लागते. परवानाधारक वीजतंत्र्याची गरज आहे ती या ठरवण्यासाठी. तारा जोडणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

‘घरात एमसीबी आहेत, आता शॉकची भीती नाही’ हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत घातक गैरसमज होय. एमसीबी, म्हणजे जुन्या फ्यूजची जागा घेणारी खटक्याची पेटी, दोनच गोष्टी ओळखते: क्षमतेपेक्षा जास्त भार आणि शॉर्टसर्किट. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ओल्या हाताच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा तिच्या क्षमतेचा जेमतेम सत्तरावा भाग, म्हणजे एखाद्या छोट्या दिव्याएवढा भार आहे, आणि त्यासाठी ती कधीही पडणार नाही. माणसाच्या दृष्टीने मात्र १० मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडून पकडलेली तार सुटेनाशी होते, आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होण्याचा धोका उभा राहतो. हा धोका ओळखणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात, आणि ते फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करून ३० मिलिअँपिअरचा फरक दिसताच सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडते. त्यालाही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आले तर गेलेला प्रवाह पुरता परत येतो, तुलनेत फरक दिसत नाही, आणि माणूस हा त्याच्या लेखी दिव्यासारखाच एक भार ठरतो; अशा वेळी पायातल्या रबरी चपलेचाही उपयोग नसतो, कारण प्रवाह जमिनीकडे जातच नाही.

अर्थिंगविषयीचा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. ‘न्यूट्रल शेवटी जमिनीलाच जोडलेला असतो, मग अर्थिंगची वेगळी तार कशाला’ असे म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तारेचा एक तुकडा टाकला जातो. टेस्टर काही दाखवत नाही, गिझर पाणी तापवतो, आणि घरातल्या माणसांना वर्षानुवर्षे काही कळत नाही. मग एके दिवशी बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन ती तार सुटते. फेजची वीज गिझरच्या कॉइलमधून पुढे येते, तिला परतीची वाट मिळत नाही, आणि त्या तुकड्यातून ती थेट गिझरच्या धातूच्या अंगावर जाऊन उभी राहते. आरसीसीबी नसलेल्या घरात आता नळाखाली उभा असलेला माणूस हीच परतीची वाट आहे. संरक्षणासाठी असलेल्या तारेनेच वीज आणून पोचवली, आणि हे करणाऱ्याला आपण चूक केली असे कधी वाटलेही नव्हते.

नुसता खड्डा खणून अर्थिंगची पट्टी किंवा नळी पुरली की काम झाले, हेही खरे नाही. जमिनीचा रोध मातीवर आणि ओलाव्यावर अवलंबून असतो आणि तो मोजावा लागतो. एखाद्या घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम भरला, तर बिघाडाच्या वेळी जमिनीत जाणारा प्रवाह २३ अँपिअरच असेल, आणि मेनला ३२ अँपिअरची एमसीबी असेल तर ती पडणार नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि उपकरणाचे अंग तरीही जिवंत आहे. या दोहोंचा आणि आरसीसीबीचा मेळ घालणे हे गणिताचे काम आहे, अंदाजाचे नव्हे.

‘एमसीबी सारखी पडते, मोठी बसवून टाका’ या सल्ल्यात कारणाची अदलाबदल आहे. एमसीबी उपकरणासाठी नसून भिंतीतल्या तारेसाठी असते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरची एमसीबी बसवली, तर आता आधी तार तापेल, तिचे पीव्हीसीचे वेष्टन, जे साधारणतः ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकावे असे बनवलेले असते, मऊ पडेल, आणि एमसीबी शांत राहील. सैल सांध्याची गोष्ट याहून वाईट, कारण तिथे प्रवाह वाढतच नाही. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर वाहू लागले, तर काडेपेटीएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता निर्माण होते. ती कोणत्याही एमसीबीला किंवा आरसीसीबीला दिसत नाही, आणि सांधा केसिंग-कॅपिंगच्या पट्टीत किंवा प्लास्टरमागे असला तर माणसालाही दिसत नाही.

लाईट गेली म्हणजे तारा मेल्या, असेही मानले जाते; पण इन्व्हर्टर असलेल्या घरात पुरवठा बंद असतानाही बोर्डाचे अर्धे सर्किट जिवंत असते, आणि जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडला असेल तर त्याची वीज रोहित्रातून उलटी जाऊन खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत पोचू शकते.

परवाना हा कारखान्यांसाठी असतो, घराला तो लागू नाही, ही समजूत कायद्याला धरून नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेली आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत कायम राहिलेली तरतूद सांगते की ग्राहकाच्या जागेतील विजेचे काम, नवे असो की फेरफाराचे, राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानापत्र असलेल्या कामगाराकडूनच करवून घ्यावे. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची, वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी, अदलाबदल यातून वगळलेली आहे. वीस वर्षे हात बसलेल्या वायरमनच्या कौशल्याचा अवमान करण्याचा येथे हेतू नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन निघालेल्या अनेकांचे हात तसेच तयार असतात. फरक पडतो तो मोजमापाने आणि सहीने. परवानाधारकाने काम संपवताना मेगर नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांचे वेष्टन किमान १ मेगाओहम रोध दाखवते का हे पाहायचे असते, अर्थिंगची तार प्रत्येक सॉकेटपर्यंत अखंड आहे का, बटणे फेजवरच आहेत का हे तपासायचे असते, आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट सही करून द्यायचा असतो. नव्या जोडणीच्या वेळी हा कागद वीज कंपनी मागते. घराची डागडुजी करून वायरिंग बदलले जाते तेव्हा तो बहुधा कोणी मागत नाही, आणि तेव्हाच घरमालकाने तो मागायला हवा.

आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ लिहिलेले बटण मात्र घरातले कोणीही अधूनमधून दाबून पाहू शकते, आणि पाहावेच. ते दाबल्यावर खटका पडला तर उपकरणाची यंत्रणा चालते एवढे कळते. घराचे अर्थिंग शाबूत आहे की नाही, याबद्दल ते बटण काहीच सांगत नाही.