पत्ता पुन्हा सांगा

सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडच्या काठावर काँट्रा कॉस्टा काउंटी आहे. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थच 'समोरचा किनारा'. तिचं मुख्य ठिकाण मार्टिनेझ हे छोटं गाव, आणि त्या गावात एस्कोबार नावाचा रस्ता. रस्त्यावरच्या ५५५ क्रमांकाच्या इमारतीत निवडणूक कचेरी. तिथून चालत काही मिनिटांवर, १०२५ क्रमांकाच्या इमारतीत, काउंटीचे पाच सुपरवायझर मंगळवारी सभेला बसतात. साडेअकरा लाखांहून जास्त लोकांचे रस्ते, तुरुंग, दवाखाने, जमिनीचे दस्त आणि मतपेट्या यांचा बराचसा कारभार या एवढ्याशा टापूतून हलतो.

काउंटी म्हणजे जिल्हा, असं आपण सहज म्हणून जातो. नकाशावर ते चालतं. पण तिथे जाऊन कलेक्टर कोण म्हणून विचाराल तर उत्तर मिळणार नाही. वरून नेमलेला, बदलीवर आलेला, सगळ्यांचा साहेब असा माणूस काउंटीत नसतोच. पाच सुपरवायझर लोकांनी निवडलेले, शेरीफ वेगळा निवडलेला, सरकारी वकील वेगळा, मालमत्तेची आकारणी करणारा वेगळा. शेरीफ पगार सुपरवायझरांनी मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून घेतो, पण त्याला घरी पाठवायचं ते मतदारांनी. क्लार्क-रेकॉर्डर हेही निवडून आलेलं पद. लग्नाचा परवाना त्यांच्याकडे, घराच्या खरेदीखताची नोंद त्यांच्याकडे आणि निवडणूकही त्यांच्याकडेच. आपल्याकडच्या विवाह नोंदणी कार्यालयाने लोकसभेची मतमोजणी करावी, तसलाच हा प्रकार.

सगळ्या काउंट्या एका साच्यातल्या नाहीत. अमेरिकेत त्या तीन हजारांच्या वर आहेत. टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत माणसं निघाली ६४. आपल्याकडच्या एखाद्या लग्नात त्याहून जास्त तर वाढपी असतात. लॉस एंजेलिस काउंटीत त्याच वर्षी एक कोटी, आणि कारभारी तिथेही पाचच. लुईझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत, काउंटीच्या सभासदांना २०२० संपेपर्यंत 'फ्रीहोल्डर' म्हणत, म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेला. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना कारभारात जागा नव्हती, त्या काळाचं हे खरकटं. १ जानेवारी २०२१ पासून ते पुसलं गेलं आणि साधं 'कमिशनर' आलं.

मार्टिनेझची सभा पाहिली तर जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा पाहिलेल्या माणसाला फार परकं वाटणार नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, सूचक, अनुमोदक, मतदान. एक फरक मात्र ठळक आहे. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राऊन कायद्यानुसार विषयपत्रिका सभेच्या ७२ तास आधी लावावी लागते, आणि कोणीही नागरिक उठून प्रत्येक विषयावर बोलू शकतो. घड्याळ लावून मोजकी मिनिटं, पण बोलू शकतो. माणसं बोलतातही: कुत्र्यांच्या निवाऱ्याबद्दल, पुराच्या नाल्याबद्दल, आणि कधीकधी विषयपत्रिकेत कुठेच नसलेल्या गोष्टीबद्दल. सुपरवायझर चेहरा न हलवता ऐकतात. नित्याच्या खरेद्या, करारांचं नूतनीकरण, निविदा यांची एक लांबलचक यादी असते आणि ती एकाच मताने मंजूर होते. वाचायला कंटाळवाणी, पण काउंटीचा खरा पैसा या यादीतूनच वाहतो. एखादा चिकित्सक म्हातारा नागरिक नेमका त्यातलाच एक विषय बाजूला काढायला लावतो, तेव्हा सभेला जरा जाग येते.

राज्यपालाच्या निवडणुकीच्या वर्षी इथला एप्रिल गर्दीचा असतो. कॅलिफोर्नियाची प्राथमिक निवडणूक त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला येते. परदेशातल्या आणि सैन्यातल्या मतदारांना मतपत्रिका ४५ दिवस आधी निघाली पाहिजे, असा केंद्राचा कायदा आहे. २०२२ साली मतदान ७ जूनला होतं. ४५ दिवस मागे मोजले की २३ एप्रिल येतो. म्हणजे उमेदवारांची नावं, त्यांचा क्रम, भाषांतरं, छपाई, सगळं त्याआधी हातावेगळं झालेलं हवं. त्यानंतर, मतदानाच्या २९ दिवस आधीपासून, काउंटीतल्या प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी मतपत्रिका टपालाने जाते. मागण्याची गरज नाही.

मला या सगळ्या तयारीतली यंत्राची परीक्षा विशेष आवडते. मोजणीचं यंत्र खऱ्या मतपत्रिकेला तोंड लावण्याआधी त्याला आधीच खुणा केलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा चारतात. हा गठ्ठा बनवण्यातही हुशारी असते. प्रत्येक उमेदवाराला सारखीच मतं दिली तर दोघांचे रकाने उलटसुलट झाले तरी बेरीज बरोबरच दिसेल. म्हणून पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन अशी मतं देतात. काही पत्रिका मुद्दाम कोऱ्या, काहींवर एकाच पदासाठी दोन खुणा. यंत्राने त्यांचं काय करायचं तेही ठरलेलं असतं, आणि ते तसंच करतं का हे बघायचं. आधी शून्याचा कागद छापून घ्यायचा, मग गठ्ठा घालायचा, मग आलेले आकडे हाताने लिहिलेल्या अपेक्षित आकड्यांशी ओळीने ताडायचे. शेवटी क्रमांक असलेलं सील. हे सगळं बघायला लोकांना मुभा असते.

आपल्याकडे ज्या शिक्षकांनी निवडणुकीची ड्यूटी केली आहे त्यांना हे वाचून पहाट आठवेल. मतदान सुरू होण्याआधी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मतांचं अभिरूप मतदान, मग सगळं शून्यावर, मग सील. तत्त्व तेच. फरक असा की आपलं यंत्र आणि नियम एका निवडणूक आयोगाचे, सगळ्या देशासाठी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मतपत्रिकेचा नमुना काउंटी ठरवते, आणि एका काउंटीच्या कागदावरची चूक सगळ्या देशाला भोवू शकते. २००० साली फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीने म्हाताऱ्या मतदारांना नीट वाचता यावं म्हणून नावं दोन समोरासमोरच्या पानांवर छापली आणि भोकं मध्ये एका रांगेत ठेवली. चांगल्या हेतूने केलेल्या त्या मांडणीत पुष्कळांनी चुकीच्या नावासमोर भोक पाडलं. पॅट ब्युकॅनन या उमेदवाराला त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली. बुश फ्लोरिडा जिंकले ५३७ मतांनी, आणि फ्लोरिडासोबत अध्यक्षपद.

टपालाच्या मतपत्रिका परत आल्या की पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळवतात. जुळली नाही तर पाकीट केराच्या टोपलीत जात नाही. मतदाराला कळवून सही दुरुस्त करायची संधी द्यावी लागते. बँकेत सही जुळेना म्हणून चेक परत आल्याचा अनुभव ज्यांच्या गाठी आहे त्यांना या पत्राची किंमत कळेल. मतमोजणी झाल्यावर एक टक्का मतदान केंद्रं सोडतीने काढतात आणि त्यांची मतं माणसं हाताने पुन्हा मोजतात.

हाच एप्रिल, त्याचा दुसरा आठवडा, डिस्पॅचरांचा असतो. ९११ ला फोन लावल्यावर जो आवाज येतो, तो त्यांचा. त्यांच्यासाठी एक आठवडा असावा ही कल्पना १९८१ साली निघाली ती याच काउंटीत, काँट्रा कॉस्टाच्या शेरीफ कचेरीतल्या पॅट्रिशिया अँडरसन यांच्या डोक्यातून. पुढे ती राज्याराज्यांत पसरली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या संसदेनेही आठवड्याला मान्यता दिली.

९११ हा क्रमांक फार जुना नाही. पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल या लहान गावात लागला. विधानसभेचे सभापती रँकिन फाइट यांनी नगरपालिकेतून फोन लावला आणि पोलीस ठाण्यात तो उचलला खासदार टॉम बेव्हिल यांनी. आज अमेरिकेत वर्षाला अंदाजे २४ कोटी कॉल येतात. त्यात चुकून लागलेलेही कमी नसतात. ऑफिसच्या फोनवरून बाहेरच्या लाइनसाठी आधी ९, मग परदेशासाठी ०११, मग भारताचा ९१. यातला शून्य राहून गेला की आईला लावलेला फोन थेट ९११ ला. अशा वेळी घाबरून फोन ठेवू नये. चुकून लागला म्हणून सांगावं. नाहीतर ते उलट फोन करतात, आणि उचलला नाही तर पोलीस दारात.

कॉल उचलल्यावर डिस्पॅचर काय झालं ते आधी विचारत नाही, कुठे झालं ते विचारतो. "इमर्जन्सीचा पत्ता काय?" समोरची बाई ओरडत असते, "अहो, बाबा पडलेत, बोलत नाहीयेत!" इकडून शांतपणे पुन्हा: "पत्ता?" ती सांगते. मग तिला संताप आणणारं वाक्य येतं: "पत्ता पुन्हा सांगा, मी बरोबर लिहिलाय का बघते." एका शहरात ओक स्ट्रीट असतो, शेजारच्या शहरात ओक कोर्ट. फोन मध्येच तुटला तर फक्त पत्ता हाती राहतो. तो चुकला असेल तर बाकीची सगळी माहिती बिनकामाची.

बाईला वाटतं, ही विचारत बसली आहे आणि गाडी अजून जागेवरच आहे. प्रत्यक्षात पत्ता टाइप होतो तेव्हाच तो शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याच्या पडद्यावर उमटलेला असतो आणि रेडिओवरून रुग्णवाहिका निघालेलीही असते. मग "श्वास घेतायत का?" नाही. "त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात. जोरात दाबा, दोन इंच. माझ्याबरोबर मोजा." एक, दोन, तीन, चार. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, दारात बूट वाजेपर्यंत. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीतल्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी आखलेल्या प्रश्नांच्या कार्डांतून वाढली. बूट वाजले की फोन तुटतो. बाबा वाचले की नाही हे डिस्पॅचरला बहुतेक वेळा कळतच नाही. पुढचा दिवा लुकलुकत असतो.

कॉल करणारीला इंग्रजी येत नसेल, लेकीच्या बाळंतपणाला आलेली आजी असेल, तर फोनवरच दुभाष्याला जोडतात आणि संभाषण तिघांचं होतं. आजीने मात्र लेकीच्या घराचा पत्ता फ्रिजवर लिहून ठेवलेला बरा. आपल्याकडे ११२ लावला तर फोन नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून तुमच्या जिल्ह्याकडे. पत्ता बहुतेकदा 'मारुतीच्या देवळामागे' असतो. मोबाइल आल्यावर अमेरिकेतही हीच अडचण उभी राहिली. कॅलिफोर्नियात कितीतरी वर्षं मोबाइलवरचे कॉल आधी राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे जात आणि मग फिरवले जात. तारेचा फोन घराला बांधलेला होता, मोबाइल खिशाबरोबर हिंडतो.

काँट्रा कॉस्टाच्या दक्षिणेला सॅन रॅमॉनचं खोरं आहे. तिथे मराठी कुटुंबं बरीच. तिथल्या अग्निशमन दलाचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड प्राइस एकदा सहकाऱ्यांबरोबर जेवत बसले असताना सायरन जवळ आला आणि त्यांच्याच दलाची गाडी शेजारच्या दारात थांबली. आत एका माणसाचं हृदय बंद पडलं होतं. प्राइस भिंतीपलीकडे बसून होते, पण त्यांना कोणी कळवलेलंच नव्हतं. त्यातून पल्सपॉइंट नावाचं ॲप निघालं. डिस्पॅचरने कॉल नोंदवला की आसपासच्या प्रशिक्षित माणसांच्या फोनवर एकाच वेळी सूचना जाते.

या काउंटीत तेल शुद्धीकरणाचे कारखाने आहेत. ६ ऑगस्ट २०१२ ला रिचमंडच्या शेव्हरॉनच्या कारखान्यात आग लागली आणि श्वासाच्या त्रासाने सुमारे १५,००० लोक दवाखान्यांत गेले. अशा धोक्यांसाठी इथे दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी ११ वाजता धोक्याचे भोंगे वाजवून बघतात. नवा माणूस दचकतो, जुना घड्याळ जुळवतो.

एवढी सगळी खातरजमा करणाऱ्या व्यवस्थेत एक नोंद मात्र चमत्कारिक राहिली आहे. केंद्र सरकारच्या व्यवसायांच्या वर्गवारीची २०१८ ची आवृत्ती काढून बघा. त्यात डिस्पॅचर 'कचेरी आणि प्रशासकीय साहाय्य' या गटात, चिटणीस आणि टंकलेखकांच्या पंगतीला. आणि 'संरक्षण सेवा' या गटात पोलीस, अग्निशामक यांच्याबरोबर कोण? पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारा, आणि गाड्यांना पार्किंगची पावती चिकटवणारा. पावती फाडणं संरक्षण आणि फोनवर छाती दाबायला शिकवणं कारकुनी, हे कुठल्या तर्कात बसतं? गट बदलावा म्हणून संसदेत विधेयकं मांडली गेली. टेक्ससने २०१९ साली आपल्यापुरता कायदा करून त्यांना पहिल्या फळीचे मदतनीस मानलं. कॉल लवकर उचलण्याबद्दल मात्र कोणी सवलत देत नाही: दहातले नऊ कॉल १५ सेकंदांच्या आत, असा व्यवसायाचा दंडक आहे.

एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारी काउंट्यांच्या सभांत डिस्पॅचरांच्या गौरवाचा ठराव येतो. असे ठराव सुरुवातीलाच घेतात, रस्त्याच्या निविदांच्या आधी. अध्यक्ष मजकूर वाचतात, 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांची माळ लागते, टाळ्या पडतात, फोटोसाठी सगळ्यांना पुढे बोलावतात. पुढे येतात ते बहुधा रात्रपाळी संपवून थेट आलेले, डोळे लाल. सकाळच्या पाळीची नावं नुसती वाचून दाखवतात, कारण ती माणसं त्या वेळी हेडसेट लावून बसलेली असतात.