बाळाच्या दुधाची वही

लेकीच्या बाळंतपणासाठी २०१८च्या मे महिन्यात मी इंग्लंडला गेले. सहा महिन्यांचा व्हिसा, बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी. तिचं गाव म्हणजे लंडन नव्हे. आपल्या तालुक्याच्या गावाएवढंच. एक बाजाररस्ता, एक चर्च, एक वाचनालय आणि तिच्या घरामागच्या गल्लीला लागून एक जुना पब.

जूनमध्ये नातू झाला. घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं, बाळानं किती वाजता दूध घेतलं, किती वेळ घेतलं, ते लिहून ठेवा. मुलीनं एक वही केली. रात्री दीडला, पावणेतीनला, साडेचारला अशा नोंदी. मी म्हटलं, ‘‘अगं, आम्ही काय वह्या लिहून वाढवलं का तुम्हाला?’’ ती हसली आणि लिहीत राहिली. ही वही पुढे कुठे जाऊन पोहोचणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बाबागाडी ढकलत येताना पबच्या खिडकीत एक फिकट निळा कागद चिकटवलेला दिसला. मुलीनं थांबून वाचला आणि तिचा चेहराच उतरला. पब तोवर रात्री अकराला बंद होत असे. मालकानं रोज रात्री एकपर्यंत दारू विकायची आणि गाणंबजावणं करायची परवानगी मागितली होती. कुणाची हरकत असेल तर २८ दिवसांच्या आत कौन्सिलला लेखी कळवा, असं त्या कागदावर होतं.

कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका समजा. पूर्वी तिकडे दारूचे परवाने मॅजिस्ट्रेट देत. २००३ साली नवा कायदा झाला, तो नोव्हेंबर २००५पासून पूर्ण लागू झाला आणि हे काम स्थानिक कौन्सिलकडे आलं. अर्ज आला की जागेवर तो निळा कागद लावायचा, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, पोलीस, अग्निशमन, आरोग्य खात्याला कळवायचं. कुणी हरकत घेतली आणि आपसात मिटलं नाही, तर तीन नगरसेवकांच्या समितीपुढे सुनावणी! पूर्वी फक्त जवळपास राहणाऱ्यांनाच हरकत घेता येई, २०१२पासून कुणालाही घेता येते.

घरी येऊन मुलगी म्हणाली, ‘‘मी लिहिणार.’’ जावई चांगले, समजूतदार. पण ते म्हणाले, ‘‘अगं, हरकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता त्या मालकाला कळतो. आपण इथे बाहेरचे. शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्यायचं?’’

ते ‘वाकडं कशाला’ ऐकलं आणि माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. हेच शब्द मी आधी ऐकले होते. आमच्या घरात, २०११ साली.

आमच्या वॉर्डात देशी दारूचं दुकान आहे. मुलींची शाळा सुटते त्याच रस्त्यावर. त्या वर्षी कोपऱ्यावरच्या वहिनी सह्यांचा कागद घेऊन घरोघर फिरत होत्या. त्यांचा मोठा मुलगा त्याच दुकानापायी वाया गेला होता. आपल्याकडे २००८च्या शासन आदेशानं गावाला किंवा वॉर्डाला दारूदुकान बंद करून घेण्याचा हक्क मिळाला होता. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, उत्पादन शुल्क खातं सह्या तपासणार, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी आणि एक आडवी. दुकान बंद व्हावं वाटत असेल तर आडवीवर शिक्का. पण त्यात एक मेख होती. नुसत्या झालेल्या मतदानातली निम्मी मतं चालत नव्हती. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागत होती. म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला!

वहिनी आमच्याकडे आल्या तेव्हा मी सही केली नाही. ‘‘बाजारात आपलं दुकान आहे, वाकडं कशाला घ्यायचं,’’ असं हे म्हणाले होते. मी वहिनींना चहा दिला आणि ‘‘बघते हं’’ म्हटलं. मतदानाच्या दिवशी घरी पाहुणे होते, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. पाहुणे दुपारी चारलाच गेले होते. संध्याकाळी कळलं, गेलेल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी आडवीवर शिक्का मारला होता. तरी निम्म्याला पस्तीस-चाळीस मतं कमी पडली. आमच्या एका गल्लीतच घरी बसलेल्या तेवढ्या भरल्या असत्या. दुकान राहिलं.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री लेकीला सांगितलं. ती काही बोलली नाही. बाळाला पाजता पाजता म्हणाली, ‘‘आई, उद्या मला बाळाजवळ दोन तास बसशील? मला लिहायचंय.’’

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मुलीनं मसुदा त्यांना दाखवला. त्यात तिनं लिहिलं होतं की दारू वाईट, गावात आधीच दोन पब आहेत, आणखी कशाला? बाईंनी चष्मा सारून दोन्ही वाक्यांवर काट मारली. म्हणाल्या, ‘‘हे समिती ऐकूनच घेणार नाही. दारू चांगली की वाईट, पब किती हवेत, हा तिथे प्रश्नच नसतो. कायद्यानं चारच गोष्टी बघायच्या असतात.’’ त्या चार गोष्टी अशा : गुन्हे आणि दंगा होऊ नये, लोक सुरक्षित राहावेत, आसपासच्यांना उपद्रव होऊ नये आणि मुलांना अपाय होऊ नये. हरकत यांतल्या कशात तरी बसली पाहिजे. आणि मग त्यांनी विचारलं, ‘‘त्रास होतो म्हणतेस, तर कधी झाला? तारीख, वेळ?’’

मुलगी आत गेली आणि बाळाच्या दुधाची वही घेऊन आली!

रात्री जागी असायची ना ती. दुधाच्या वेळेपुढे कंटाळून एखादा शब्द खरडलेला असायचा. ‘११.५० - बाहेर भांडण.’ ‘१२.१५ - बाटल्या ओतल्या, बाळ दचकून उठलं.’ ‘११.४० - मागच्या अंगणात गाणी.’ तिकडे २००७पासून पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आहे, त्यामुळे ओढणारे सगळे मागच्या अंगणात येतात आणि ते अंगण नेमकं हिच्या खिडकीखाली. आम्ही दोघींनी बसून अशा सव्वीस नोंदी वेगळ्या काढल्या. बाई म्हणाल्या, ‘‘आता ही तक्रार नाही राहिली, हा पुरावा झाला.’’ जावयांनीही वाचलं आणि अर्जावर स्वतःचं नावही घातलं.

सुनावणी ऑक्टोबरमध्ये होती. ती सगळ्यांना खुली असते, म्हणून मीही गेले, बाळाला मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत. मला वाटलं होतं कोर्टासारखं काही असेल. तसं नव्हतं. लांब टेबल, तीन नगरसेवक (त्यात दोन बायका), त्यांना कायदा सांगणारा एक अधिकारी आणि पाण्याचे जग. दोन्ही बाजूंना सारखाच वेळ.

आधी मालकाचा वकील बोलला. मग मालक स्वतः उठला. मी मनात त्याला राक्षस ठरवून टाकलं होतं. पण तो पन्नाशीचा, थकलेला साधा माणूस निघाला. म्हणाला, गावोगावचे पब बंद पडताहेत, अकराला बंद केलं तर शनिवारची गिऱ्हाईकं शहरात जातात, पाच माणसांचे पगार द्यायचेत. खोटं काही बोलत नव्हता तो. दुकानदाराच्या घरातली मी, मला ते कळत होतं.

मग माझी लेक उठली. आवाज सुरुवातीला कापत होता. तिनं ना पबला नावं ठेवली, ना मालकाला. नुसती वही वाचली. तारीख, वेळ, काय झालं. सव्वीसपैकी दहाबारा वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘‘पण तुम्ही एवढ्या रात्री रोज जाग्या कशा?’’ मुलीनं मागे वळून बाळाकडे बोट दाखवलं. सगळे हसले. मालकसुद्धा.

तेव्हाच तो अधिकारी म्हणाला की पाचशेपर्यंत श्रोते असतील तर सकाळी आठ ते रात्री अकरा संगीताला तिथे वेगळा परवानाच लागत नाही. तेवढ्यापुरतं काही मागून उपयोग नव्हता. मुलीचा चेहरा पडला. अध्यक्षबाईंनी मग मालकाला विचारलं, ‘‘अकरानंतर दारं-खिडक्या बंद ठेवाल? अंगण?’’ तो म्हणाला, ‘‘ठेवीन. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.’’

समिती आत गेली. चाळीस मिनिटांनी बाहेर आली. निकाल असा : शुक्रवार-शनिवार फक्त बारापर्यंत, एक नाही. बाकीचे दिवस पूर्वीसारखे अकरा. मागचं अंगण नऊनंतर बंद, संगीत चालू असताना दारं-खिडक्या बंद. रिकाम्या बाटल्या रात्री नऊ ते सकाळी आठ बाहेर ओतायच्या नाहीत. आणि शेजाऱ्यांना फोन करता यावा म्हणून व्यवस्थापकाचा नंबर द्यायचा. कुणाला मान्य नसेल तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अपील. अटी मोडल्या तर शेजाऱ्यांना परवान्याचा फेरविचार मागता येतो.

आमची जीत झाली का? अर्धी. बाहेर पडताना मालक बाबागाडीपाशी थांबला, बाळाकडे बघून म्हणाला, ‘‘तर हा तुमचा साक्षीदार!’’ वाकडं काही झालं नाही. पुढच्या शनिवारी बारापर्यंत गाणी वाजली, पण बाटल्या ओतल्या नाहीत.

नोव्हेंबरमध्ये मी परत आले. आपल्याकडचं सगळं वेगळं, हे मला माहीत आहे. दारूचा परवाना आपल्याकडे नगरपालिका देत नाही, तो राज्य उत्पादन शुल्क खात्याचा आणि जिल्हाधिकाऱ्यांचा विषय. निळा कागद नाही, पाण्याचे जग ठेवलेलं टेबल नाही. आणि पबच्या गोंगाटानं मोडलेली झोप आणि देशी दारूनं मोडलेला संसार, यांची तुलना तरी कशी करायची? इथे हरकत घेणारीच्या घरीच कितीदा मार खाणं असतं. तिथे मालक हसून गेला, इथे तसंच होईल असं मी कुणाला छातीठोक सांगू शकत नाही.

पण आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या वहिनींकडे गेले. सात वर्षांनी. म्हटलं, ‘‘वहिनी, मी तेव्हा मतदानाला आले नव्हते. पाहुणे वगैरे काही नव्हतं. मी भ्याले होते.’’

त्या शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘‘मला ठाऊक होतं. तुम्ही एकट्या नव्हत्या.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘दुकान सकाळी कितीला उघडतं, शाळा सुटताना तिथे कोण उभं असतं, कधी लिहून ठेवलं नाही हो आम्ही. नुसत्या रडलो.’’

मी पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

दुकान अजून आहे. मैत्रिणींनो, तुमच्या वॉर्डात असं काही असेल तर आधी उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन आजचा नियम काय, सह्या किती, मतं किती, ते लेखी विचारून घ्या, कारण हे नियम अधूनमधून बदलतात. तारीखवार लिहून ठेवा. आणि मतदान लागलं, तर पाहुण्यांना म्हणावं, जरा बसा, मी आलेच. यादीत नाव असलेली बाई घरी राहिली, तर तिचं मत कुठे जातं, हे मी एकदा बघितलंय.