स्वयंपाकघर नवे केले आणि पावसाळा आला

मागच्या चवथीला जे आमच्याकडे दर्शनाला आले त्यांना आठवत असेल, नैवेद्याचा सगळा स्वयंपाक पडवीत मांडलेल्या चुलीवर चालला होता आणि नव्या स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती. तेव्हा कुणी काही विचारले नाही. पण नंतर मंडळातल्या पाच-सहा घरांतून फोन आले, "आम्हीही स्वयंपाकघराचे काम काढतोय, तुमचे नेमके काय झाले?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदा सगळे लिहून काढावे असे ठरले. आमच्या चुकाही लिहिल्या आहेत, कारण उपयोग त्यांचाच जास्त.

काय होते आणि काय करायला गेलो

आमचे घर रामनगरचे. काळी नदीवर सुपा धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, त्या काळात आमचे आजोबा इथे आले. येताना त्यांनी जुन्या घराचे ऐनाचे आठ वासे सोडवून आणले आणि इथल्या स्वयंपाकघराचे छप्पर त्यांच्यावरच चढवले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मातीचा गिलावा, शेणाने सारवलेली जमीन, वर मंगळुरी कौले, चुलीवर माळा आणि कोपऱ्यात मोरी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेच होते किंवा अजून आहे.

आई आता सत्तरीपुढची. खाली बसून फुंकणी धरणे तिला जमेना, धुराने डोळे सारखे पाणावत. स्वयंपाक चुलीवरून गॅसवर आणि ओट्यावर न्यायचा हा निर्णय बरोबर होता. आजही आम्हाला तसेच वाटते. चुकले ते कसे आणि केव्हा केले यात.

आम्ही तिघे भाऊ. एक घरी, एक बेळगावात, एक मडगावला. सगळे फोनवर ठरले. कौले काढून स्लॅब घालायचा, भिंतींना आणि जमिनीला टाईल्स, कडप्प्याचा ओटा, खाली प्लायवुडचे कप्पे. मेस्त्रींशी बोलणे तोंडी झाले. अडीच लाख, चवथीच्या आधी काम पुरे, दीड लाख आगाऊ. घरात लग्नकार्य होते म्हणून काम जानेवारीऐवजी एप्रिलच्या शेवटी सुरू झाले. स्लॅब पडला तो मे संपताना. दुसऱ्याच रात्री वळवाने झोडपले आणि पुढे आठ दिवसांत खरा पाऊस लागला.

जुलैपर्यंत अशी स्थिती झाली. स्लॅबच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होते. भात शिजला की बाकीच्या छतालाही थेंब धरत आणि ते ताटात पडत. ओट्यामागच्या टाईल्स पोकळ वाजू लागल्या, चार तर निसटून पडल्या. जमिनीवर सांडलेले पाणी मोरीकडे न जाता माजघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबे. प्लायवुडचे कप्पे फुगून अडकले. आईने राखून ठेवलेले तवशी-दोडक्यांचे बी, फणसाचे पापड, आमसुले, सगळ्यांवर पांढरी बुरशी आली. आणि एके संध्याकाळी धाकट्या वहिनींनी भिंतीला हात लावला तर हाताला झिणझिण्या आल्या.

जुने स्वयंपाकघर काय काय करत होते

हे सगळे मेस्त्रींच्या निष्काळजीपणामुळे झाले असे आधी आम्ही धरून चाललो. काही त्यांच्यामुळे होतेही. पण दांडेलीच्या एका अनुभवी गवंड्याने येऊन पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "जुन्या खोलीत धूर कुठून जायचा?" कौलांच्या फटींतून, आम्ही म्हणालो. "आणि आता वाफ कुठून जाते?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

जुन्या स्वयंपाकघरात अन्न शिजायचे, पण त्याशिवाय ते आणखी चार कामे करत होते. ती कुणी कधी मोजली नव्हती.

पहिले काम हवा खेळवण्याचे. गरम हवा आणि वाफ वर चढून कौलांमधून निघून जायची. स्लॅबला फट नसते. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, त्यात भाताची वाफ, ती थंड स्लॅबला लागली की तिचे पाणी होते. म्हणजे छतातून पडणारे सगळे पाणी गळतीचे नव्हते.

दुसरे काम वाळवण्याचे. माळ्यावर चुलीची ऊब आणि धूर पोचायचा. त्यामुळे बी-बियाणे, आमसुले, सुकी मासळी चार महिने कोरडी राहायची. गॅस ही ऊब माळ्याला देत नाही, आणि नव्या खोलीत माळाच नव्हता.

तिसरे काम लाकूड राखण्याचे. वर्षानुवर्षांच्या धुराची काजळी वाशांवर बसते, लाकूड कोरडे राहते, म्हणून कीड आणि वाळवी सहसा लागत नाही. आम्ही ते वासे उतरवले आणि परसात उघड्या मातीवर रचून वर प्लास्टिक टाकले. वाळवीला याहून सोयीची जागा नाही. खाली ओल, वर आडोसा. श्रावणात प्लास्टिक उचलले तेव्हा आठांपैकी दोन वासे आतून पोखरलेले निघाले. पैशांचे नुकसान भरून निघते. हे निघणार नाही.

चौथे काम भिंतींना श्वास घेऊ देण्याचे. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि उन्हात सोडतो. मातीचा गिलावा त्याला आडवा येत नाही. आम्ही ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर टाईल्स लावल्या. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधू लागली आणि टाईल्स सुटल्या.

सांगायचा मुद्दा असा की जुने ठेवा असे आम्ही म्हणत नाही. पण जुनी खोली कोणकोणती कामे करते ते आधी मोजा, आणि प्रत्येक काम नव्या खोलीत कोण करणार ते ठरवूनच कौल उतरवा.

बिघडल्यावर सगळ्यात आधी काय

झिणझिण्या आल्या त्याच मिनिटाला मेन स्विच बंद केला, ही एक गोष्ट आम्ही बरोबर केली. ओल्या भिंतीतून वीज उतरणे हा जिवाशी खेळ आहे. वायरमनने पाहिले तर स्वयंपाकघराला अर्थिंग नव्हते. ते करून घेतले आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज कुठे गळू लागली तर तो आपोआप प्रवाह तोडतो. जोयड्याच्या पावसात हा खर्च टाळू नये.

दुसरे गॅसचे. नव्या ओट्याखाली सिलिंडर बंद कप्प्यात ठेवला होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून कप्प्याला जमिनीलगत झरोके हवेत आणि सिलिंडरच्या खोलीत पेटती चूल नको. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. गळतीची शंका आली तर आधी रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

तिसरे, काम थांबवणे. आम्हाला चवथ दिसत होती, म्हणून पडलेल्या टाईल्स पुन्हा चिकटवा असा आमचा आग्रह होता. आईने तो मोडून काढला. "देव पडवीतलेही जेवतो," एवढेच ती म्हणाली. पडवीत चिऱ्यांची चूल मांडली, गॅस पलीकडच्या उघड्या कोपऱ्यात नेला, ताडपत्रीचा आडोसा केला. माटोळी नेहमीसारखी बांधली, पातोळ्या झाल्या, नेवऱ्या झाल्या. जवळजवळ सहा महिने तसेच काढले. तडजोडीचे स्वयंपाकघर नीट लावले तर घाई राहत नाही, आणि घाई नसली की दुरुस्ती बरी होते.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती वरून खाली करायची. आधी छप्पर, मग भिंती, मग जमीन, शेवटी ओटा आणि कप्पे. उलटे केले तर वरचे पाणी खालचे नवे काम पुन्हा खराब करते.

ओल कुठली आहे हे ओळखायची सोपी परीक्षा आम्हाला गवंड्याने शिकवली. एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचे आणि एक-दोन दिवस ठेवायचे. भिंतीकडच्या बाजूला दव धरले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतली. पहिल्या प्रकारात भिंत वाळू द्यायची, दुसऱ्यात हवा खेळती करायची. टाईल्स लावण्याआधी हीच परीक्षा करून भिंत कोरडी आहे ना ते पाहावे.

आमचा स्लॅब दोन कारणांनी खराब झाला होता. ताज्या काँक्रीटवर जोराचा पाऊस पडल्याने वरचा सिमेंटचा थर धुपला होता, आणि उतार नसल्याने पाणी साचत होते. स्लॅब पाडायची गरज नव्हती. दिवाळीनंतर वरचा सुटा थर खरवडून, उतार देऊन नवा थर दिला आणि सात दिवस ओला ठेवला. मग पन्हळीचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी कोंडून पाहिले. खाली थेंब आला नाही.

त्यावर आम्ही कौलारू छप्पर चढवले. वाचलेल्या सहा वाशांना वाळवीचे औषध दिले, दोन नवे घातले आणि आजोबांची बहुतेक कौलेही परत बसवली. आता पाऊस स्लॅबवर पडतच नाही. कौले आणि स्लॅब यांच्यामधली जागा आईचा नवा माळा झाली. छतालगत दोन जाळ्या आणि एक बाहेर हवा फेकणारा पंखा बसवल्यावर थेंब धरणे थांबले. चूल पडवीतच राहिली, अंघोळीचे पाणी तापवायला आणि वरच्या दोरीवर आमसुले सुकवायला.

ओट्यामागची दोन फूट पट्टी सोडून भिंतींच्या टाईल्स काढून टाकल्या. जमिनीच्या टाईल्स उखडून मोरीकडे उतार दिला. तपासायला यंत्र लागत नाही, तांब्याभर पाणी ओता आणि बघा. कप्पे प्लायवुडचे केलेच नाहीत, कडप्प्याच्या फळ्या टाकल्या. प्लायवुडच करायचे असेल तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहा. ते पाण्यात टिकणारे असते. साधे कमी दराचे प्लाय आपल्या हवेत फुगते.

मेस्त्रींशी व्यवहार

आमच्याकडे कागद नव्हता. काय ठरले होते हे प्रत्येकाला वेगळे आठवत होते, तिघा भावांनासुद्धा. पहिली दोन भांडणे फुकट गेली. मग आम्ही तारखा घालून फोटो काढले, प्रत्येक दोष एका ओळीत लिहिला, आणि मेस्त्री व तो अनुभवी गवंडी यांना समोरासमोर बसवले. उतार आणि टाईल्स ही आपली चूक म्हणून मेस्त्रींनी मान्य केली आणि ती मजुरी सोडली. पावसाच्या तोंडावर स्लॅब घालायचा आग्रह आमचा होता, तो खर्च आम्ही सोसला. दोन्ही घरांचे जाणे-येणे टिकले, हे गावात राहणाऱ्याला लहान नाही.

समेट झालाच नाही तर वाट आहे. पैसे देऊन करून घेतलेले बांधकाम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवा ठरते आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र पावत्या, फोटो आणि लेखी बोलणे हाताशी हवे.

यंदा काम काढणार असाल तर

- काम दिवाळीनंतर सुरू करा आणि शिमग्यापर्यंत छप्पर पुरे होईल असे बघा. न झाल्यास पुढच्या वर्षावर टाका.
- साध्या वहीच्या पानावर का होईना, काम, माल, रक्कम आणि मुदत लिहून दोघांच्या सह्या घ्या.
- पैसे टप्प्याटप्प्याने द्या. दहावा हिस्सा पहिला पाऊस बघून द्यायचा असे आधीच ठरवा.
- स्लॅबचे टेकू निदान सात दिवस हलवू देऊ नका. गाळा साडेचार मीटरहून मोठा असेल तर चौदा.
- जुने लाकूड चिऱ्यांवर, जमिनीपासून हातभर उंच, वारा लागेल असे रचा.
- बाहेरगावी असाल तर फोटोंवर विसंबू नका. पाण्याचा उतार फोटोत दिसत नाही.
- स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय काहीही ठरवू नका. आईला आधी विचारले असते तर माळ्याची आठवण तिनेच करून दिली असती.

यंदाचा पावसाळा नव्या खोलीत कोरडा गेला. आईने माळ्यावरचे तवशाचे बी काढून पेरले आणि ते उगवले. पोखरलेल्या दोन वाशांपैकी एकाचा चांगला निघालेला तुकडा सुताराने पाट करून दिला. ज्यांना छपराचे काम प्रत्यक्ष बघायचे असेल त्यांनी रामनगरला घरी यावे. माळ्यावर चढायची शिडी भिंतीलाच लावलेली असते.