पंपाचा घरघराट आणि घराच्या भिंती

अमेरिकेतील थंड प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी तळघरात भट्टी बसविलेली असते. तिच्यात तापलेली हवा पंख्याच्या साह्याने पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पोहोचविली जाते. नवी भट्टी बसविल्यावर तिचा घरघराट झोपू देत नाही, ही तेथील नेहमीची तक्रार होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूर नगरीत हवा सौम्य असल्यामुळे भट्टीची गरज भासत नाही. परंतु घरोघरी बसविलेल्या पाण्याच्या पंपाने तीच तक्रार येथेही निर्माण केली आहे.

बंगळुरास कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणावे लागते व ते सुमारे ५०० मीटर उंच चढवावे लागते. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ साली पुरा झाला. नगरातील बहुतेक घरांत हे पाणी प्रथम जमिनीखालील हौदात साठवितात; तेथील लोक या हौदास ‘संप’ म्हणतात. मग पंपाने ते गच्चीवरील टाकीत चढविले जाते. पहाटे अंगणातील पंप सुरू झाला, की तिसऱ्या मजल्यावरील खोलीची भिंतही गुणगुणू लागते आणि तेथे निजलेले मूल किंवा रुग्ण दचकून जागा होतो. अंगणातील आवाज तिसऱ्या मजल्यावर कसा पोहोचतो?

याचे उत्तर तंबोऱ्यात सापडते. तंबोऱ्याची तार दोन दगडी खांबांमध्ये ताणून छेडली, तर तिचा नाद जेमतेम ऐकू येईल. कारण बारीक तार हवेला फारशी हलवू शकत नाही. तीच तार घोडीवरून नेली म्हणजे तिची कंपने तबलीत व भोपळ्यात उतरतात आणि त्यांचा विस्तृत पृष्ठभाग हवेला जोराने ढकलतो. तंबोरा व वीणा यांच्या घोडीचे कार्य चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली शास्त्रीय दृष्टीने विशद केले. पुढे १९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. आपल्या पंपाच्या बाबतीत मोटर ही तार होय, ओटा व नळ ही घोडी होय आणि घराच्या भिंती हा भोपळा होय. जे तंबोऱ्यात इष्ट, तेच घरात अनिष्ट!

म्हणून पहिला उपाय हा, की ही घोडी काढून टाकावी. घरगुती पंपाची मोटर साधारणतः मिनिटाला २,८८० फेरे घेते. म्हणजे तिची कंप्रता सेकंदाला ४८ होते. ती रबरी ठोकळ्यांवर बसविली आणि रबरावरील मोटरीची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला १२, म्हणजे एक-चतुर्थांश, राखली, तर हिशेबाप्रमाणे कंपनाच्या बलाचा केवळ पंधरावा भाग ओट्यात उतरतो. यासाठी रबर पंपाच्या भाराने निदान १.७ मिलिमीटर दबले पाहिजे. रबर फार कठीण असून दोन्ही कंप्रता जवळजवळ आल्या, तर अनुनाद होऊन कंपन उलट वाढते. कोणतेही रबर घातले म्हणजे काम झाले, असे समजू नये.

मोटर रबरावर ठेवली, परंतु लोखंडी नळ भिंतीत घट्ट रुतलेला राहिला, तर कंपने त्याच वाटेने घरात शिरतात. म्हणून पंप व नळ यांच्यामध्ये लवचीक रबरी नळीचा तुकडा जोडावा आणि भिंतीवरील पकडींत रबराची पट्टी घालावी. हे काम वीज तोडून जाणत्या कारागिराकडून करवावे आणि भूसंपर्काची तार मात्र जागच्या जागी ठेवावी.

आवाजाच्या जातीवरूनही दोष ओळखता येतो. पंपात खडे खळखळल्यासारखा आवाज येत असेल, तर पाणी ओढणारा नळ अरुंद किंवा त्याची जाळी तुंबलेली असण्याचा संभव असतो. पंप बंद होताच ‘धप्प’ असा दणका बसत असेल, तर वर चढलेले पाणी माघारी येऊन झडपेवर आदळते, असे समजावे. पाणी उलटण्यापूर्वीच मिटणारी स्प्रिंगची झडप बसविल्यास हा दणका पुष्कळ कमी होतो.

पुष्कळ लोक मोटरीभोवती गोधडी किंवा पोती गुंडाळतात. हे करू नये. मोटरीला थंड ठेवणारी हवा त्यामुळे अडते आणि ती जळण्याचा धोका असतो. शिवाय जमिनीतून व नळातून जाणारी कंपने गोधडीने मुळीच थांबत नाहीत.

भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली निजण्याच्या खोलीत अखंड आवाज ३० डेसिबेलपेक्षा अधिक नसावा, अशी शिफारस केली. डेसिबेलचे माप समजून घेतले पाहिजे: १० डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे होय, आणि आपल्या कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो.

या उपायांपैकी शेवटचा सर्वांत स्वस्त आहे: पंप चालविण्याची वेळ बदलणे. टाकी दिवसाउजेडी भरून ठेवली, तर पहाटेच्या वेळी मोटर चालविण्याचे कारणच उरत नाही. आपल्या टाकीत पडणाऱ्या पाण्यासाठी शेजाऱ्याची झोप मोडावी लागू नये. कारण भिंती आपल्या असल्या, तरी त्यांचा आवाज सर्वांचा असतो.