बालवाडीची फी : खर्च की भांडवल?

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी पगाराचा हिशेब होतो. या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत अशाच एका गुरुवारी आमचा एक जुना कारीगर पगार घेऊन गेला नाही, बाजूला उभा राहिला. गर्दी कमी झाल्यावर म्हणाला, "सेठ, पंधरा हजार उचल पाहिजे. धाकटीला इंग्लिश नर्सरीत टाकायचं आहे. साडेतीन वर्षांची झाली."

लग्नासाठी, आजारपणासाठी उचल मागणारे नेहमी येतात. नर्सरीसाठी उचल मागणारा आम्ही प्रथमच पाहिला. मागणी ऐकून आनंद झाला आणि भीतीही वाटली. आठवड्याला ३०० रुपये कापले तरी उचल फिटायला ५० आठवडे लागणार, म्हणजे जवळजवळ वर्ष. तोवर पुढच्या वर्षाची फी दारात उभी! आम्ही म्हणालो, "भाई, पैसे देऊ, पण आधी माल पाहू."

असे म्हणण्याचे कारण आमच्याच घरात घडलेले आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी पत्र आले की दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, याची लाज व्यापारात अनेकदा वाटली. म्हणून १९९९ साली थोरल्या मुलाला डोनेशन भरून एका इंग्रजी नर्सरीत घातले. टाय, बूट, बॅग, सर्व काही आले. एका खोलीत पन्नासाच्या वर मुले, एक बाई, आणि दिवसभर फळ्यावरचे उतरवून काढणे. मुलगा पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणे, आम्ही खूश होत असू. परंतु त्या कवितेचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता आणि वर्गात तहान लागली हे सांगण्याची भाषाही त्याच्याजवळ नव्हती. हळूहळू तो घरीही गप्प राहू लागला. दुसरीत आम्ही त्याला काढून उर्दू शाळेत घातले, तेव्हा तो पुन्हा बोलू लागला. धाकटी मुलगी मात्र मोहल्ल्यातल्या एका बाईंच्या लहानशा बालवाडीत गेली. फी नाममात्र होती. तिला पुढे शाळेची भीती कधी वाटली नाही.

मग बालवाडी म्हणजे फुकटचा खर्च आहे काय? मुळीच नाही. कापडवाल्याला हे समजायला सोपे आहे. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ देतात, त्यामुळे ते लूमवर तुटत नाही. पुढे कापड धुतले की खळ निघून जाते. म्हणून खळीचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणतो काय?

अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलँटी गावी १९६२ साली याचीच परीक्षा सुरू झाली. गरीब घरांतील १२३ काळी मुले निवडली. त्यांपैकी ५८ मुलांना बालशाळेत घेतले, बाकीच्यांना नाही. बुद्धीच्या चाचणीत बालशाळेची मुले आधी पुढे गेली, परंतु काही वर्षांत ती आघाडी पुसली गेली. लोकांना वाटले, पैसा बुडाला. मात्र चाळीस वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा केल्यावर दिसले की त्या मुलांचे शिक्षण अधिक झाले, कमाई अधिक झाली, तुरुंगाची वाट कमी जणांनी पाहिली. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खर्चावरचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला. व्यापाऱ्याने विचार करावा असा हा आकडा आहे.

परंतु तो माल कोणता होता, हेही पाहिले पाहिजे. पाच-सहा मुलांमागे एक शिकलेली शिक्षिका, रोज सुमारे अडीच तास, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका स्वतः मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असे. किंमत या कामाची होती. इमारतीच्या रंगावर आणि टायवर हा परतावा मिळत नाही. जास्त खळ चढवून वजनदार केलेले कापड पहिल्या धुण्यात जाळी होते, तसाच हा प्रकार.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला गरीब आदिवासी मुलांसाठी हेच काम केले. मुले येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. बिया, पाने, शिंपले हेच साहित्य. सरकारी अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आहाराबरोबर पूर्वशिक्षण देणे हे तिचे काम आहे, तेही विनामूल्य. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनची ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली आणि शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगितले. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा हक्क ६ ते १४ वयासाठी आहे. तिसऱ्या ते सहाव्या वर्षाचा निर्णय आणि त्याचा भार आईबापांवरच राहतो.

असो. शनिवारी सकाळी कारीगर, त्याची बायको आणि आम्ही तीन ठिकाणे पाहून आलो. इंग्लिश नर्सरीत आम्हाला कार्यालयातूनच परत पाठवले, वर्ग पाहू दिला नाही. अंगणवाडीच्या ताई प्रेमळ होत्या, परंतु त्या दिवशी त्यांच्यापुढे रजिस्टरांचा ढीग होता. तिसरी, गल्लीतल्या एका शिकलेल्या बाईंची बालवाडी. पंधरा मुले, महिना ४०० रुपये. मुले मातीचे बैल करीत होती आणि बाई त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत होत्या.

परत येताना कारीगराच्या बायकोने जे सांगितले, ते आमच्या हिशेबात नव्हतेच. ती घरी कांडी भरते. लहानगी मशीनजवळ जाऊ नये म्हणून थोरली, पाचवीतली मुलगी, आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवून घरी राहत होती. ऐकून आम्ही थक्क झालो. उचल धाकटीसाठी मागितली होती, आणि तालीम थोरलीची बुडत होती!

निर्णय तेथेच झाला. वर्षाचे दहा महिने धरले तर ४,००० रुपये, दर महिन्याच्या पगारातून, उचल न घेता. लहानगी पहिले आठ दिवस रडली. आता ती जाते आणि थोरली रोज शाळेत असते.

तेव्हा बंधूंनो, लहान मुलाला बालवाडीत जरूर घाला, परंतु कर्ज काढून नव्हे. फी भरण्यापूर्वी अर्धा तास वर्गात बसा. बाईंमागे मुले किती, ती बोलतात की फक्त उतरवतात, मुलाला त्यांची भाषा समजते काय, हे पाहा. वर्ग पाहू देत नसतील तर परत या. आपण ताका उलगडल्याशिवाय घेत नाही. आणि हिशेब मांडताना घरातल्या थोरल्या मुलीची हजेरीही त्यात लिहा.