रिकामा शिफ्टर, नवं काम

२०१२ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने एक्सएक्स१ ही गिअरप्रणाली आणली आणि माउंटन बाइकवर पुढे एकच चेनरिंग ठेवण्याची पद्धत रुळली. पुढच्या चेनरिंग बदलणारा डावा शिफ्टर बेकार झाला. हौशी जुगाडूंनी त्यालाच ड्रॉपर सीटपोस्टच्या, म्हणजे चालवतानाच सीट खाली-वर करू देणाऱ्या दांड्याच्या, कामाला जुंपलं.

अडचण एकच. गिअर टिकावा म्हणून शिफ्टरमधला खटका ताणलेली केबल धरून ठेवतो. ड्रॉपरला उलट हवं: लिव्हर दाबला की पोस्टची झडप उघडावी, सोडला की बंद व्हावी. म्हणून शिफ्टर उघडून तो खटका काढतात. परतीची स्प्रिंग मात्र ठेवतात.

केबलची घुंडी शिफ्टरमध्ये बसते, त्यामुळे पोस्टच्या टोकाला केबल आवळायची सोय लागते. रॉकशॉक्सच्या २०१० च्या मूळ रिव्हर्बसारख्या हायड्रॉलिक पोस्टवर केबलच नसल्याने हा जुगाड चालत नाही.

खोलण्याआधी आतल्या भागांचे फोटो काढून ठेवा!